‘हुप’ म्हणजे काय जी, उस्ताद?

माझा आवाज यवतमाळच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानावरून निघाला की पोलीस लाईनीतल्या बायका कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या थांबायच्या. हे मी नाही, माझी बायको सांगते, आणि ती माझं कौतुक करण्याच्या बाबतीत फार काटकसरी आहे. तेव्हा खरं धरायला हरकत नाही.

पोलिसात कवायत शिकवणाऱ्याला ‘उस्ताद’ म्हणतात. हुद्दा हवालदाराचा, पण मैदानावर साहेब सोडले तर त्याच्यावर कोणी नाही. कारकून भरती झाला तर त्याला दुसऱ्या दिवशी टेबल मिळतं. पोलीस भरती झाला तर त्याला आधी उभं राहायला शिकवावं लागतं. मग वळायला, चालायला, थांबायला. माणूस हे सगळं वर्षाचा असताना शिकलेला असतो, ते आम्ही विसरायला लावतो आणि नव्याने शिकवतो. ही गोष्ट घडली तोवर बावीस वर्षं मी हेच करत आलो होतो.

आता हुकमाचं थोडं सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. कवायतीचा हुकूम हिंदीत असतो आणि त्याचे दोन तुकडे असतात. ‘दाहिने’ हा पहिला, लांब ओढायचा, म्हणजे समोरच्याला कळतं की आता उजवीकडे काहीतरी करायचं आहे. मग थोडा थांबा. मग ‘मुड’, तोडून टाकल्यासारखा. त्या मुडवर तीस जणांच्या टाचा एकदम वाजल्या पाहिजेत. दोनदा वाजल्या तर कोणीतरी उशिरा वळला.

पण शब्द रोज शंभरदा ओरडला की झिजतो. पायरी झिजते तसाच. माझ्या ‘मुड’चं काही वर्षांनी ‘मुप’ झालं आणि मग ‘हुप’. ‘दाहिने’चं ‘आआहे’ राहिलं, ‘बाएं’चं ‘आआये’. म्हणजे माझा हुकूम असा: आआहे… हुप. आणि तीस टाचा एक. मला त्याचा अभिमान होता. उस्तादकी म्हणतात ती हीच, असं मला वाटायचं. प्रत्येक उस्तादाचा असाच आपला एक आवाज होता. माझा दोस्त खोब्रागडे उस्ताद ‘हॅक’ म्हणायचा. आम्ही दोघं शेजारी-शेजारी पथकं घेऊन उभे राहिलो की लांबून ऐकणाऱ्याला वाटायचं, माकडं हाकलून राह्यले.

ती कापसाचं काही खरं नसण्याची वर्षं होती. आमच्या जिल्ह्यात शेताकडे बघून कोणाचा पोरगा घरी थांबत नव्हता. पोलीस भरती निघाली की मैदानाच्या भिंतीपर्यंत रांग. पोरीही तेवढ्याच. प्रशिक्षण केंद्रांत जागा पुरेना, म्हणून एक तुकडी मुख्यालयातच तयार करायचं ठरलं आणि तीस पोरींचं पथक माझ्या गळ्यात पडलं. महिला उस्ताद आमच्याकडे नव्हती. खोब्रागडे म्हणाला, ‘वानखडे, आता हुप जरा हळू म्हन, पोट्ट्या पळून जातीन.’ मी त्याला मैदानावरच काय म्हणालो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

पहिल्याच आठवड्यात ते झालं. मी ‘आआहे… हुप’ केलं, अठ्ठावीस-एकोणतीस पोरी कशाबशा वळल्या आणि दुसऱ्या रांगेतली एक तशीच उभी. काळीसावळी, बारीक, ताठ. सुनीता टेकाम. मारेगावकडची. घरी कोलामी बोलायचे, शाळेत मराठी, आणि इथे हुकूम हिंदीतून. अशा पोरीला प्रत्येक शब्द उलटून बघायची सवय असते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तिनं हात वर केला. मैदानावर हात वर करत नाहीत.

‘उस्ताद, हुप म्हंजे काय जी?’

सगळं पथक हसलं. पलीकडे खोब्रागडेचं पथकही हसलं, आणि त्यात खोब्रागडे सर्वांत मोठ्यानं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, ‘मैदानावर काहून-कायले चालत नाही. दहा चक्कर.’ दुपारचे उन्हाचे नव्हते, सकाळचे होते, एवढीच दया. पोरगी दहा चक्कर पळाली, जागेवर येऊन उभी राहिली आणि त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही. मी खूश. पोरगी सुधारली असं समजलो.

महिन्याभरानं मला कोर्साला पाठवलं. नव्या पोरांना घडवणाऱ्यांना नेतृत्व शिकवायचं, असं काहीतरी लांबलचक नाव होतं. राज्यभरातले पंधरा उस्ताद, सगळे पिकलेले, सगळ्यांच्या मिशा एकमेकांकडे संशयानं बघणाऱ्या. आम्ही जेवणावर जास्त आणि फळ्यावर कमी लक्ष देत होतो. शिकवणाऱ्या मॅडम उपअधीक्षक होत्या, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. मी मनात म्हणालो, या बाईनं एक पथक चालवून दाखवावं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला मैदानावर नेलं. चौदा जण रांगेत, एक बाहेर, आळीपाळीनं. म्हणजे उस्तादांनीच उस्तादांची कवायत घ्यायची. आम्ही म्हणालो, हे काय, पोरखेळ. पहिला आला कोल्हापूरकडचा. त्यानं छाती फुगवून काहीतरी ‘बॅ… म्या’ असं म्हटलं. मी बावीस वर्षांच्या अनुभवानं झटकन उजवीकडे वळलो आणि नांदेडच्या एका दांडग्या उस्तादाच्या पोटाला नाक लावून उभा राहिलो. तो डावीकडे वळला होता. दोघांचाही आपल्या वळण्यावर पूर्ण विश्वास होता, कोणी हलेना.

मग माझी पाळी. मी घसा साफ केला, पोटातून आवाज काढला: आआये… हुप. पाच जण उजवीकडे, चार डावीकडे, चौघं जागच्या जागी, आणि एकानं सॅल्यूट ठोकला.

सगळे इतके हसले की मेसमधला आचारी बाहेर आला. मी हसलो नाही. मॅडम माझ्याजवळ आल्या आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘उस्ताद, तुम्ही पथकाला कवायत शिकवता, की तुमचा आवाज शिकवता?’

मी म्हणालो, मॅडम, बावीस वर्षांत माझ्या पथकानं चूक केली नाही. त्या म्हणाल्या, ‘तुमच्या पथकानं. बरोबर आहे.’ आणि पुढे गेल्या.

संध्याकाळी लिहायला दिलं: तुमच्या पथकानं पहिल्या महिन्यात तुम्हाला काय काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलंत. बाकीच्यांनी दोन-दोन पानं भरली, निम्मी खोटी. मी प्रामाणिकपणे एकच ओळ लिहिली. प्रश्न: हुप म्हणजे काय. उत्तर: दहा चक्कर. मॅडमनी वर्गात ते वाचून दाखवलं. परत सगळे हसले. त्या हसल्या नाहीत, कागदाची घडी घालून मला परत दिली. तो कागद मी बरेच दिवस पाकिटात ठेवला होता, का ते सांगता येत नाही. फाडावासा वाटायचा, एवढं खरं.

परत आलो आणि काय बदललं? काहीच नाही. माणूस पंचेचाळिशीत एका कोर्सानं बदलत असता तर सासऱ्यांनी मला लग्नाआधीच एखाद्या कोर्साला घातलं असतं. मैदानावर माझं आआहे-हुप सुरू. पोरी झकास वळत होत्या. परीक्षेची कवायत तीन-चार आठवड्यांवर आली होती. साहेब येऊन पथक बघणार, पास झालं तर पोरींना पोस्टिंग, नाही तर सगळ्या पथकाला पुढच्या तुकडीबरोबर परत सुरुवातीपासून. म्हणजे आणखी सहा महिने. त्या पोरींच्या घरी तेव्हा ‘आमची पोरगी पोलिसात लागली’ एवढं एकच वाक्य अभिमानानं सांगण्यासारखं होतं. ते खोटं पडू न देणं माझ्या हातात होतं, किंवा माझ्या घशात म्हणा.

आणि नेमकं त्याच वेळी मला दिग्रसला बंदोबस्ताला पाठवलं. कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागली होती. गेटापासून निघालेली रांग जिनिंग कारखान्याच्या भिंतींना वळसा घालून बस जाते त्या रस्त्यावर आलेली. माणसं दोन-दोन दिवस आपल्या गाडीखालीच झोपत होती. एसटी अडकलेली, ट्रॅक्टर अडकलेले, आणि सगळ्यांच्या मध्ये मी, दोन दिवस सारखा ओरडतोय. हवेत कापसाचा पिंजा. तोंड उघडलं की आत.

एक बैलगाडी रस्त्यात आडवी झाली होती. मी बैलांवर ओरडलो. पोलिसाच्या आवाजाला माणसं हलतात, बैल हलत नाहीत. मी आणखी जोरात ओरडलो. गाडीवाला म्हातारा खाली बसून तंबाखू मळत होता, तो शांतपणे म्हणाला, ‘हवालदार, कायले घसा फोडता? थे फक्त माह्यंच ऐकतात.’ मग त्यानं जीभ टाळूला लावून नुसतं च्यक् केलं आणि बैलजोडी सरळ झाली. तो उठलाही नाही.

तेव्हा मी नुसता वैतागलो. अर्थ नंतर लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ‘मागे घ्या’ म्हणायला तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. हवासुद्धा नाही.

डॉक्टरनं घशात आरसा घालून बघितलं. म्हणाला, आवाजाच्या पट्ट्यांवर गाठ आली आहे, सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. बोललात तर कायमचा जाईल. आमच्या हिनं सगळ्या लाईनीत सांगितलं, ‘बावीस वर्षांत पहिल्यांदा मले माह्या घरात माहा आवाज ऐकू येऊन राह्यला.’ दोन दिवस ती गाणीही म्हणत होती.

मला मात्र जेवण जाईना. उस्तादाचा आवाज गेला म्हणजे सुताराचा हात गेला. आणि परीक्षा वीस दिवसांवर.

राखीव निरीक्षक साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्यालयाच्या साहेबांनी, पथक खोब्रागडेकडे दिलं. मी बाजूला चिंचेखाली उभा. खोब्रागडे पुढे आला, ऐटीत म्हणाला, आआने… हॅक. माझं नावाजलेलं पथक! काही पोरी इकडे, काही तिकडे, दोघींची डोकी एकमेकींवर आपटली, एकीची टोपी उडाली. खोब्रागडेनं पाच वेळा हॅक केलं, पाच वेळा तेच. राखीव निरीक्षक साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, असंच असेल तर हे पथक मागे ठेवावं लागेल. मग माझ्याकडे एकदा बघून निघून गेले.

बैलजोडी. पोरींनो, राग मानू नका, पण चिंचेखाली मला तेच आठवलं. माझ्या तीस पोरींना उजवं-डावं शिकवलंच नव्हतं मी. मला ओळखायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लेकीची जुनी पाटी घेऊन मैदानावर गेलो. बावीस वर्षं मैदानावर मुरलेला हवालदार, छातीशी पाटी धरून. खोब्रागडेचं पथक बघतंय. मी टेकामसमोर जाऊन उभा राहिलो आणि पाटीवर लिहिलं: हुप = मुड.

तिनं वाचलं. परत वाचलं. ‘म्हंजे मुडच होतं काय जी?’

मी मान हलवली. मागून एक पोरगी म्हणाली, मला वाटलं होतं इंग्रजी आहे. मग एकेक कबुलीजबाब बाहेर पडले. कोणालाच शब्द कळत नव्हता. मग वळायच्या कशा? टेकामनंच सांगितलं. उजवीकडचा हुकूम देताना म्हणे माझी हनुवटी उजवीकडे सरकते आणि डावीकडचा देताना मिशी डावीकडे उडते. सगळं पथक तीन महिने माझ्या तोंडाकडे बघून वळत होतं. खोब्रागडेला मिशी नाही, तर त्या बिचाऱ्यांनी काय करावं!

मला हसू आलं, पण हसायलाही बंदी होती. मी लिहिलं: आता हुकूम तू दे.

‘मी? काहून जी?’

मैदानावर ‘काहून’, म्हणजे ‘का’. बावीस वर्षांत मी त्या शब्दाला कधी उत्तर दिलं नव्हतं. मी पाटी पुसली आणि लिहिलं: कारण तुलेच अर्थ पाहिजे होता.

ती बाहेर आली. तिचा पहिला हुकूम शाळेत कविता म्हणावी तसा निघाला, बारीक आणि घाबरलेला. पण शब्द अख्खा होता. दाहिने… मुड. ‘ड’सकट! मी पोटावर हात मारून दाखवलं, आवाज इथून. तिनं परत दिला. चार-पाच दिवसांत तो आवाज भिंतीला लागून परत यायला लागला. मग मी प्रत्येकीला बाहेर काढलं. रोज पाच-सहा जणींनी हुकूम द्यायचा, कोणाचा आवाज किनरा, कोणाचा घोगरा, एक आर्णीची तर बोलताना हसायची. शब्द मात्र पूर्ण. पोरी सगळ्यांच्या हुकमावर वळायला लागल्या.

इथे मला फार आनंद झाला असं लिहायला पाहिजे. झाला नाही. मी जळलो. चिंचेखाली उभा राहून मी बघत होतो की माझ्याशिवाय माझं पथक चालतंय, आणि आधीपेक्षा सुबक. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, काय झालं, तर पाटीवर लिहिलं: काही नाही. ती म्हणाली, पाटीवरसुद्धा खोटं लिहिता.

परीक्षेच्या दिवशी मैदानावर चुना आखलेला, झेंडे लावलेले, चार पथकं उभी. टेकाम आमच्या पथकासमोर, हुकूम द्यायला तयार. जिल्ह्याचे साहेब आले. नवे होते, उत्तरेकडचे. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि राखीव निरीक्षकांना म्हणाले, ‘आज कमांड मैं दूँगा.’

टेकाम मागे जाऊन रांगेत उभी राहिली. साहेब आमच्यापैकी कोणासारखेच बोलत नव्हते. सरळ, स्वच्छ, पुस्तकातली हिंदी, मध्ये थांबा एवढासा. हनुवटी हलत नव्हती आणि मिशी तर नव्हतीच. त्यांनी एकदम चारही पथकांना हुकूम दिला. बाएं मुड.

तीस टाचा एकदम वाजल्या. त्या आमच्या होत्या. बाकीच्या तीन पथकांत जत्रा. खोब्रागडेचं पथक अर्धं आमच्याकडे तोंड करून, अर्धं पाठ करून, आणि खोब्रागडे स्वतः, तीस वर्षं कवायत शिकवणारा उस्ताद, रांगेच्या टोकाला उजवीकडे वळलेला. साहेबांनी सात-आठ हुकूम दिले. आमच्या पोरींची एकदाही चूक नाही. साहेब विचारत होते, या पथकाचा उस्ताद कोण? मी पुढे जाऊन सॅल्यूट ठोकला. त्यांनी काहीतरी विचारलं, मी घशाकडे बोट दाखवलं. ते गोंधळले. टेकामनं मागून सांगितलं, ‘सर, उस्ताद बोल नहीं सकते.’ साहेब म्हणाले, फिर सिखाया किसने?

पथक पास झालं. बाकीच्यांना आठ दिवसांनी परत बोलावलं. त्याच संध्याकाळी खोब्रागडे आमच्या दारात आला, चहा प्यायला, इकडचं-तिकडचं बोलला आणि निघताना म्हणाला, ‘वानखडे, थे पाटी जरा देशीन काय?’ दिली. आठ दिवसांनी त्याचंही पथक पास झालं. पाटी त्यानं अजून परत केली नाही.

पोरी निघायच्या दिवशी माझे सहा आठवडे संपले होते. आवाज आला होता, पण निम्मा, फाटका, रेडिओचं स्टेशन नीट लागत नाही तसा. सगळ्या बॅगा घेऊन मैदानाच्या कडेला. मी टेकामला हाक मारली. म्हणालो, ‘टेकाम, दहा चक्कर.’

तिनं बॅग खाली ठेवली आणि पळायच्या पवित्र्यात उभी राहिली. विचारलंसुद्धा नाही. तिथे मला फार लागलं. मी शिकवलेलंच होतं ते.

मी म्हणालो, ‘तुले नाई. मले.’

‘काहून जी, उस्ताद?’

‘तू विचारलं थे बरोबर होतं. मले उत्तर येत नव्हतं, म्हणून तुले पळवलं.’

मी टोपी काढून तिच्या हातात दिली आणि धावायला लागलो. पंचेचाळीस वर्षांचं शरीर, पोट पुढे, बूट जड. पहिला चक्कर ऐटीत गेला. दुसऱ्याला पोरी बॅगांवर बसल्या. तिसऱ्याला माझ्या डोळ्यांपुढे चिंच दोन-दोन दिसायला लागली, आणि मी ठरवलं होतं की पडलो तरी चालेल पण थांबायचं नाही.

तेव्हा मागून हुकूम आला. लांब नाही, आखूड नाही, बरोबर पावलावर, अख्खा शब्द.

‘उस्ताद… थम.’

माझे पाय जागच्या जागी थांबले. मी थांबवले नाहीत. उस्ताद झाल्यापासून मला कोणी मैदानावर थांबवलं नव्हतं. मी धापा टाकत उभा, डोळ्यांत पाणी, आणि ते घामाचं होतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

टेकामनं टोपी आणून दिली. म्हणाली, ‘उरलेले सात राहू द्या जी. नव्या बॅचमधलं कोनी काही विचारन आन् तुमाले राग येईन, तवा कामी येतीन.’

निवृत्त होईपर्यंत त्यातले पाच मी पळालो. दोन अजून बाकी आहेत.